साखरेचे वळण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी सिद्धेश्वरास जमतो, त्यांचे नाव या व्यासपीठावरून उच्चारण्याची आवश्यकता मला वाटत नाही. ‘गुरुजी’ म्हटल्यावर ‘कोणते?’ असे विचारणारा इसम परमुलखातला, हे येथील लहान मूलही ओळखते. कोणी काही ठामपणे सांगितले की त्यांचा एकच प्रश्न असे : ‘कशावरून?’ पीकपाण्याच्या गोष्टींपासून पुराणातल्या गोष्टींपर्यंत या प्रश्नातून कोणाची सुटका होत नसे, आणि त्यापायी त्यांनी थोडे लोक दुखावलेही. आज मी आपणापुढे मांडणार आहे ती राशी अशी आहे की तिच्याविषयी हा प्रश्न विचारल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. कारण ती कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिला तराजूत घालता येत नाही, आणि तरीही तिचा आकडा आम्ही रसायनशास्त्राचे लोक चारचौघांत बिनदिक्कत सांगत असतो. तिला पाठ्यपुस्तकांत सक्रियण ऊर्जा म्हणतात. निजामी अमदानीत, म्हणजे १९४८ पूर्वी, या भागातला जो विद्यार्थी हैदराबादेस १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचे, तो रसायनाला कीमिया आणि ऊर्जेला तवानाई म्हणत उर्दूतून हे शास्त्र शिके. नावे बदलली, दप्तरे बदलली. साखर पाण्यात मात्र त्याच गतीने मोडत राहिली.

साखर म्हटली, ते केवळ उदाहरणादाखल नव्हे. पूर्णेचे पाणी वर येलदरीस आणि खाली सिद्धेश्वरास अडवून १९६८ साली जो प्रकल्प पुरा झाला, त्याच्या कालव्याने वसमत आणि परभणीकडच्या काळ्या रानांत ऊस नेला, आणि उसामागोमाग कारखान्याचे भोंगे, तोडीच्या टोळ्या, मोळ्यांनी लादलेल्या गाड्यांच्या रांगा आणि उताऱ्याची चिंता हीही आली. आता गंमत अशी, की सक्रियण ऊर्जेची कल्पना ज्या विक्रियेच्या हिशेबातून जगात प्रथम निघाली, ती विक्रिया लोखंडाची नव्हे, गंधकाची नव्हे, सुरुंगाच्या दारूचीही नव्हे; ती आहे उसाच्या साखरेची. तेव्हा रसायनशाळेतला हा प्रयोग परका पाहुणा म्हणून मी आपल्या गावी आणला, असा समज कोणी करून घेऊ नये. तो आपल्याच फडातला आहे.

उसाच्या साखरेचा रेणू म्हणजे द्राक्षशर्करा आणि फलशर्करा या दोन लहान साखरांची एक जोडगोळी. पाण्यात आम्लाचा अंश असला की ही जोडी सुटते आणि दोघी वेगळ्या होतात. रंग बदलत नाही, बुडबुडा येत नाही, गाळ बसत नाही. मग जोडी सुटली हे कशावरून? प्रकाशावरून. ज्याची सर्व कंपने एकाच पातळीत बांधली गेली आहेत असा प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला, तर ती पातळी थोडी फिरून बाहेर येते, हे फ्रान्समधील बियो याने १८१५ साली दाखवून दिले होते. उसाची साखर ती पातळी उजवीकडे वळवते. सुटलेल्या दोघींपैकी फलशर्करा डावीकडे इतकी ओढ घेते की मिश्रणाचे एकंदर वळण उजवे होते ते डावे होऊन बसते. वळण असे उलटते म्हणून या विक्रियेलाच ‘उलटणे’ या अर्थाचे इन्व्हर्जन हे नाव मिळाले. कारखान्याच्या रसायनशाळेत रोज ‘पोल’ म्हणून जो आकडा काढला जातो आणि ज्यावर उसाची प्रत ठरते, तो याच वळणाचा आकडा होय. चीफ केमिस्टच्या टेबलावरचा पोलॅरिमीटर आणि मी आज ज्याचे पुराण लावले आहे तो पोलॅरिमीटर, हे एकच यंत्र.

जर्मनीत १८५० साली विल्हेल्मी नावाच्या गृहस्थाने या यंत्राला डोळा लावून, आम्ल घातलेल्या साखरेचे वळण घड्याळ समोर ठेवून टिपले, आणि असा नियम काढला की कोणत्याही क्षणी जितकी साखर शिल्लक असेल त्या प्रमाणात ती मोडते. शिल्लक निम्मी झाली की मोडण्याचा वेगही निम्मा. विक्रियेचा वेग गणिताच्या समीकरणात बसवण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न. पण त्याची दखल घ्यायला रसायनशास्त्राला तीसेक वर्षे लागली. विल्हेल्मी १८६४ साली वारला, त्याचे काम पुन्हा वर काढले ओस्टवाल्डने, आणि तोवर हॉलंडचा फान्ट हॉफ १८८४ च्या आपल्या ग्रंथात तापमान आणि वेग यांची सांगड घालू लागला होता. तिथून सूत्र उचलले स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने. १८८९ साली त्याने जो निबंध लिहिला त्याचे शीर्षकच आम्लांमुळे होणाऱ्या उसाच्या साखरेच्या इन्व्हर्जनचा वेग असे आहे. त्याला पुढे १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र या निबंधाबद्दल नव्हे, क्षार पाण्यात विद्युत्‌भारित कणांत विभागतात या सिद्धान्ताबद्दल. आज महाविद्यालयातल्या मुलांना त्याचे नाव अधिक आठवते ते ज्याला पारितोषिक मिळाले नाही त्या कामामुळे.

अऱ्हेनियसला पडलेले कोडे साधे होते. तापमान पंचवीस अंशांवरून पस्तीसवर नेले की साखर मोडण्याचा वेग सुमारे चौपट होतो. उष्णतेने रेणू जलद धावू लागतात, म्हणून अधिक टकरा होतात, हे उत्तर कोणीही देईल; पण हिशेब मांडला तर दहा अंशांनी रेणूंची सरासरी धाव दोन टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. दोन टक्क्यांच्या भांडवलावर चौपट नफा कोठून आला? अऱ्हेनियसने अशी कल्पना केली की पात्रातली सगळीच साखर मोडायला पात्र नसते. तिच्यातला अत्यल्प भाग, ज्याला त्याने सक्रिय साखर म्हटले, तेवढाच आम्लाच्या तावडीत सापडतो, आणि साध्या साखरेपासून ही सक्रिय साखर होताना उष्णता खर्ची पडते. तापमान थोडे चढले की सगळ्या रेणूंची धाव थोडीच वाढते, पण या निवडक टोळीची संख्या मात्र भराभर वाढते. साध्या आणि सक्रिय यांच्यामधले हे ऊर्जेचे अंतर, ते सक्रियण ऊर्जा. साखर आणि आम्ल यांच्या बाबतीत ते एका ग्रॅम-रेणूमागे, म्हणजे ३४२ ग्रॅम साखरेमागे, सुमारे १०७ किलोज्यूल भरते. जुन्या मापात सांगायचे तर पंचवीस-सव्वीस किलोकॅलरी. एक लिटर पाणी पंचवीस-सव्वीस अंशांनी तापवायला लागते तेवढी उष्णता.

येथे पाठ्यपुस्तके एक डोंगर काढतात. अलीकडे कच्चा माल, पलीकडे पक्का माल, मध्ये खिंड. खिंडीची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा. मीही तीस वर्षे फळ्यावर तो डोंगर काढला, आणि आता कबूल करतो की त्याने विद्यार्थ्यांचे जितके भले झाले तितकेच नुकसानही झाले. डोंगर पाहिला की मुलाला वाटते, उंच डोंगर म्हणजे मंद विक्रिया, ठेंगणा डोंगर म्हणजे जलद, प्रश्न संपला. वस्तुतः वेग ही एक गोष्ट, आणि तापमान बदलले की तो वेग किती बदलतो ही दुसरी. पाण्यात आम्लाचे प्रमाण दुप्पट केले तर साखर निदान दुप्पट वेगाने मोडेल, पण डोंगर तिळमात्र खचणार नाही. आपण मोजतो ती विक्रियेची उष्णतेविषयीची नड, उष्णतेला ती किती दाद देते हे. १९२० साली अमेरिकेतील टॉलमन याने त्याचा अर्थ फार नेमका सांगितला : जे रेणू प्रत्यक्ष विक्रिया पावतात त्यांची सरासरी ऊर्जा, आणि गर्दीतल्या सगळ्या रेणूंची सरासरी ऊर्जा, या दोहोंतली तफावत म्हणजे सक्रियण ऊर्जा. ही खिंड कोठेही खोदलेली नाही. ती दोन सरासऱ्यांची वजाबाकी आहे. आपल्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याजवळ, चार चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा उभारण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली. प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान अंतर मोजण्यासाठी तेथे कोट्यवधी रुपयांचे आरसे लागतील. न दिसणारी गोष्ट मोजण्याचा आमचा सरंजाम त्या मानाने गरिबाघरचा : काचेची नळी, पिवळा दिवा, पाण्याचे टोपले आणि घड्याळ.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे येतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. कारण माझ्या मते खरे शास्त्र येथेच आहे, आणि परीक्षेच्या धांदलीत चेंगरले जाते तेही हेच.

वीस ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून एकूण द्रावण शंभर मिलिलिटर करावे आणि गाळून घ्यावे. हायड्रोक्लोरिक आम्ल वेगळ्या चंबूत घ्यावे. दोन्ही चंबू थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान कायम राखणाऱ्या टोपल्याच्या, पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवावेत, म्हणजे मिसळण्यापूर्वीच दोघांचे तापमान एक होते. मग सारख्या मापाने आम्ल साखरेत सोडावे, आणि पिपेट अर्धी रिकामी होते तो क्षण वेळेचा आरंभ म्हणून टिपावा. मिश्रण पोलॅरिमीटरच्या वीस सेंटिमीटर लांबीच्या नळीत, बुडबुडा राहू न देता, भरावे. नळीभोवती थर्मोस्टॅटचेच पाणी खेळत असावे. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात डोळा लावला की वर्तुळाचे भाग फिके-गडद दिसतात. ते सारखे होईपर्यंत चकती फिरवायची आणि व्हर्निअरवर अंश वाचायचे. आरंभी सुमारे तेरा अंश उजवीकडे, अखेरीस सुमारे चार अंश डावीकडे. सगळी कैफियत या सतरा अंशांत लिहिलेली असते.

ही अखेर म्हणजे प्रयोगाचे मर्मस्थान. कोणत्या क्षणी किती साखर उरली हे कळायचे तर ती पूर्ण संपल्यावरचे वळण माहीत असावे लागते. प्रत्येक वाचनातून ते वजा करायचे, उरलेल्याचा लॉगरिथम घ्यायचा आणि वेळेसमोर मांडायचा, की सरळ रेघ येते आणि तिच्या उतारातून वेगाचा स्थिरांक निघतो. पण साखर संपायला रात्र जाते, आणि प्रात्यक्षिकाचा तास संपायला तीन तास. म्हणून उतावळे लोक उरलेले मिश्रण कडक पाण्यात ठेवून तापवतात, म्हणजे अखेर लवकर येईल. अखेर येते खरी, पण कोणाची? आम्लात फार तापवलेली फलशर्करा स्वतःच मोडू लागते, द्रव पिवळा, मग तपकिरी होतो, आणि डावे वळण देणारीच खपली की अखेरचा आकडा खोटा पडतो. अशा खोट्या अखेरीवरून मांडलेली रेघ आरंभी सरळ चालते आणि शेवटाकडे खाली लवते. माझ्या पहिल्याच नोकरीच्या महाविद्यालयात एका वर्षी पंचवीस वह्या तपासल्या. सगळ्यांच्या रेघा काठोकाठ सरळ आणि सगळ्यांचे उत्तर पुस्तकातले, पण चंबूत मात्र चहासारखा द्रव. चौकशीअंती मुलांनी सांगितले, की लवणारे बिंदू त्यांनी ‘दुरुस्त’ केले होते. त्यांना मी रागावलो नाही. वर्षानुवर्षे रेघेच्या सरळपणाला गुण देणारा मीच होतो.

ज्याला रात्र थांबणे शक्य नाही त्याने अखेरच नको अशी युक्ती करावी. गुगेनहाइमने १९२६ साली ती सांगितली : ठराविक अंतराने वाचनांच्या दोन माला घ्यायच्या आणि जोडीजोडीने वजाबाकी करायची, म्हणजे अखेरचा आकडा समीकरणातून आपोआप गळून पडतो. परंतु जो थांबू शकतो त्याने थांबावे. आणि हेही ध्यानात ठेवावे की प्रत्येक तापमानाला अखेर वेगळी असते, कारण फलशर्करेचे वळण उष्णतेने झपाट्याने घटते, इतके की सुटलेल्या साखरांचे मिश्रण सत्त्याऐंशी अंशांच्या आसपास कोणत्याच बाजूला वळत नाही. पंचवीस अंशांची अखेर चाळीसच्या वाचनांना लावणे म्हणजे एका गावचा सातबारा दुसऱ्या गावच्या खटल्यात दाखल करणे होय.

एक तापमान झाले की दुसरे, मग तिसरे, मग चौथे : पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस. चाळीसला वेग पंचवीसच्या आठपट झालेला असतो, म्हणून हात चपळ लागतो. आणि येथे आपल्या हवामानाची एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. थर्मोस्टॅट पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. चैत्र-वैशाखात खोलीचेच तापमान अडतीस-चाळीस असताना पंचवीस अंश आणायचे कोठून? म्हणून मराठवाड्यात हा प्रयोग पौष-माघात करावा. त्यातून भारनियमनाने मध्येच वीज गेली की पाणी अंशा-दोन अंशांनी उतरते, आणि साखरेच्या बाबतीत एका अंशाची चूक म्हणजे वेगात चौदा-पंधरा टक्क्यांची चूक. दशांश अंशाने चुकलात तरी दीड टक्का गेलाच. सरकारी जमीनमोजणीत साखळी एक कडी आखूड निघाली तर जमाबंदीत किती घोळ होतो हे आपण जाणता. आमची साखळी म्हणजे तापमापी, आणि तिची रुजुवात बर्फाच्या पाण्यात करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी चारही स्थिरांकांचे लॉगरिथम उभ्या अक्षावर आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडावा. बिंदू उताराला लागलेल्या एका रेघेवर बसतात. त्या उताराला वायूंच्या स्थिरांकाने, ८.३१४ ने, गुणले (लॉगरिथम दहाच्या पायाचे असले तर वर आणखी २.३०३ ने) की उत्तर हाती आले. चार बिंदूंच्या रेघेवरून दशांशचिन्हापुढे तीन आकडे लिहिण्याची जी खोड आहे तिच्याविषयी न बोललेले बरे.

पण आकडा हाती आला म्हणून तो कोणाचा आहे, हे लगेच ठरत नाही. मुंबईच्या रसायन-तंत्रशास्त्र विभागातले मनमोहन शर्मा आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले दोराईस्वामी या दोघांनी १९८४ साली विषमांग विक्रियांवर दोन खंडांचा जो ग्रंथ लिहिला, तो जगभर या क्षेत्रातला आधारग्रंथ मानला जातो, आणि त्यातल्या चर्चेचा मोठा भाग या एका संशयाभोवती फिरतो. समजा विक्रिया उत्प्रेरकाच्या सच्छिद्र खड्याच्या पोटात होते आहे. बाहेरचा माल छिद्रांतून आत झिरपण्याचा वेग अपुरा पडू लागला की मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्याच्या निम्म्यावर येते. आणि खड्याच्या पृष्ठभागावरच्या द्रवाच्या थरातून माल पोचण्याचीच वानवा झाली तर ती अगदी थोडी, तीन-चार किलोकॅलरी एवढीच उरते. प्रयोग निर्दोष, रेघ सरळ, पण आकडा विक्रियेचा नव्हे, तो रस्त्याचा. तहसीलदाराने प्रकरण आठ दिवसांत निकाली काढले की टपाल पोचायलाच आठ दिवस लागले, याचा उलगडा केवळ तारखा पाहून होत नाही.

आता पुन्हा फडाकडे. तोडलेल्या उसात साखर मोडते ती केवळ आम्लामुळे नव्हे. उसाच्या पेशींत आणि त्यावर पोसणाऱ्या सूक्ष्म जीवांत इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, आणि ते तीच जोडी दुसऱ्या, सोप्या वाटेने सोडवते. यीस्टमधून काढलेल्या इन्व्हर्टेजची सक्रियण ऊर्जा सुमारे अकरा किलोकॅलरी, म्हणजे आम्लाच्या वाटेच्या निम्म्याहूनही कमी भरते. हाच आकडा उसाला तात्पुरता लागू धरून मी एक हिशेब केला. डिसेंबरातल्या पहाटेचे पंधरा अंश आणि एप्रिलातल्या दुपारचे बेचाळीस यांची तुलना केली, तर विकराच्या वाटेने साखर मोडण्याचा वेग सुमारे पाचपट होतो. निव्वळ आम्लाच्या वाटेने तोच सेहेचाळीसपट होतो. प्रत्यक्षात ऊस वाळतो, वजन घटते, जंतूंची भर पडते, म्हणून या पाचपटीला कोणी उताऱ्याचा पंचनामा समजू नये. तरीही हंगामाच्या तोंडी आणि हंगामाच्या अखेरीस गेटबाहेर तितकेच तास उभ्या राहिलेल्या दोन गाड्या एकाच मालाच्या नसतात, हे गाडीवानाला ठाऊक आहे. मी फक्त त्याच्या म्हणण्याला आकडा जोडला.

आणि दुसरा आकडा, सेहेचाळीसपटीचा, तो गुऱ्हाळाच्या कामाचा आहे. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. तो तसाच काहिलीत चढवला आणि खाली जाळ पेटवला, तर विकर उष्णतेने निकामी होते खरे, पण आम्लाची वाट, जी थंडीत जवळजवळ बंद होती, ती उकळीच्या तापमानाला सताड उघडते. कारण जिची सक्रियण ऊर्जा मोठी, ती विक्रिया जाळाला सर्वांत अधिक दाद देते. म्हणून जाळ चढण्यापूर्वी रसात चुन्याची निवळी. आम्लाला आधी शांत करायचे, मग उष्णता द्यायची. कारखान्यातही रस कढवण्यापूर्वी चुना देऊन आंबटपणा जवळजवळ पुरता मारतात. चुना अधिक झाला तर गूळ काळा पडतो, म्हणून गुळव्या तो हात राखून घालतो. १९३२ साली निघालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडचे गुळवे हे करीत आले. त्यांना १०७ किलोज्यूल ठाऊक नव्हते, मला अगदी अलीकडेपर्यंत निवळी आधी आणि जाळ मागाहून या क्रमाचे कारण ठाऊक नव्हते. गुरुजींनी मला एकदा त्यांच्या शेजाऱ्याच्या गुऱ्हाळावर नेऊन, भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढत असता, विचारले होते : ‘चुना आधी का? कशावरून?’ मी तेव्हा नुकताच पदवीधर होतो, आणि काहीतरी मळी निवळण्याविषयी बोलून वेळ मारून नेली. ते हसले नाहीत. ‘पाहून सांग,’ एवढेच म्हणाले.

त्या उत्तराची मुदत फार टळून गेली आहे. परंतु आज दुपारी येथल्या शाळेच्या मुलांनी आणि मी मिळून साखरेत आम्ल मिसळून, पिवळ्या दिव्यासमोर अकरा वाचने घेतली आहेत. पहिले तेरा अंशांच्या आसपास उजवीकडे होते, आणि मी येथे यायला निघालो तेव्हाचे सहा अंशांवर आले होते. उरलेले मिश्रण बूच लावून, न तापवता, शाळेच्या त्याच खोलीत ठेवले आहे. त्याची अखेर उद्या सकाळी सात वाजता वाचायची आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी थोडे आधी यावे, कारण डोळ्याला अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात.